शटरवरची लक्ष्मी

आमच्या स्टेशनरोडवर किराणा मालाचे एक जुने दुकान आहे. त्याच्या शटरवर कोण्या पेंटरने फार वर्षांपूर्वी लक्ष्मी रंगवली आहे. खाली गुलाबी कमळ, दोन्ही बाजूंना सोंडा उंचावलेले हत्ती, तळहातातून पडणाऱ्या नाण्यांची पिवळी धार. दिवसभर ती कोणालाच दिसत नाही, कारण दुकान उघडे असते तेव्हा ती वरच्या पेटीत गुंडाळलेली असते. रात्री दुकानातला मुलगा लोखंडी आकड्याने शटर खाली ओढतो, तेव्हा आधी कमळ उतरते, मग पावले, मग हात, आणि चेहरा अगदी शेवटी. त्या रात्री मी समोरच्या औषधांच्या दुकानात बिलाची वाट पाहत उभा होतो. शटर चार बोटे वरच अडकले. मुलाने चपलेसकट पाय खालच्या पट्टीवर, नेमका कमळाच्या पाकळ्यांवर, ठेवला आणि अंगाचा सगळा भार दिला. कडी बसली, कुलूप लागले. पुढच्याच क्षणी त्याने वाकून त्याच पट्टीला उजव्या हाताची बोटे लावली आणि ती कपाळाला टेकवली. ह्या दोन कृतींत त्याला काहीही विसंगत वाटले नाही. माझ्या मनातून मात्र ते दृश्य कित्येक दिवस हलले नाही.

त्याचे काही चुकले असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. अडकते तेव्हा ते शटर लोखंड असते, आणि लोखंडाशी जसे वागायचे तसे तो वागला. कुलूप लागल्यावर तीच पट्टी देवीची झाली, आणि देवीशी जसे वागायचे तसेही तो वागला. एका वस्तूची दोन आयुष्ये त्याने एकमेकांत मिसळू दिली नाहीत आणि एकमेकांपासून तोडलीही नाहीत. आपण शिकलेली माणसे अशा ठिकाणी गोंधळतो; वस्तू नक्की काय आहे, हे आधी ठरवल्याशिवाय आपल्याला तिला हात लावता येत नाही. ह्या मुलाला ते ठरवावे लागले नाही. त्याच सुमारास माझ्या मनात चित्रकार अतुल दोडिया ह्यांचे एक काम पुन्हा जागे झाले. मी ते बऱ्याच वर्षांपूर्वी पाहिले होते आणि त्याविषयी माझे मत तोवर पुरते बसलेले नव्हते.

‘महालक्ष्मी’ हे त्या कामाचे नाव, वर्ष २००२. दुकानाला असते तसेच लोखंडी पट्ट्यांचे गुंडाळणारे शटर, आणि त्यावर ऑईल पेंटमध्ये रंगवलेली देवी. शटर वर केले की मागे सनमायकाचा पृष्ठभाग, आणि त्यावर छताला लटकलेल्या तीन बहिणी. हुंड्याची सोय आईवडिलांना करता येणार नाही, ह्या भयाने जीव दिलेल्या मुली. धनाची देवता पुढे, धनापायी गेलेले जीव मागे, असे शब्दांत मांडले की हे काम एखाद्या पथनाट्याच्या पोस्टरइतके सोपे वाटते, आणि मीही पहिल्यांदा ते तसेच वाचले. मी ते पाहिले होते एका कॅटलॉगच्या पानावर. पानाच्या डाव्या बाजूला शटर बंद असतानाचे छायाचित्र होते, उजव्या बाजूला उघडे असतानाचे. मी एकदा डावीकडे पाहिले, एकदा उजवीकडे पाहिले, अर्थ कळला असे समजलो आणि पान उलटले.

गडबड त्या पानातच होती. कॅटलॉगने मला दोन्ही चित्रे एकाच वेळी दाखवली, आणि शटर नेमके तेवढेच कधी करू देत नाही.

खऱ्या कामासमोर उभ्या असलेल्या माणसाला एक तर देवी दिसते, नाही तर मुली दिसतात. मुली पाहायच्या असतील तर देवी गुंडाळावी लागते, पट्टीमागून पट्टी, आणि तिचा चेहरा सगळ्यांत आधी पेटीत जातो. वर जाणाऱ्या शटरमागून आधी पावले दिसतात. जमिनीला न टेकलेली पावले. ती कोणाची आणि अशी अधांतरी का, हे कळायला शटर आणखी वर जावे लागते, आणि तोवर पाहणाऱ्याला हवे तर थांबता येते. हा थांबण्याचा पर्याय कॅन्व्हासवरच्या चित्रात नसतो. बहुतेक मध्यमवर्गीय घरांत हुंड्याची बोलणी झालेली असतात, आणि शटर कुठपर्यंत वर करायचे ह्याचा एक अलिखित करार त्या घरांमध्ये पाळला जातो. आमच्याही नात्यात असे एक लग्न झाले होते. त्याविषयी मोठी माणसे ‘देणेघेणे’ एवढाच शब्द वापरत, आणि आम्ही मुले त्यापलीकडे विचारत नसू. ते सगळे मला ह्या कामामुळे आठवले, आणि ते आठवायला लावण्यासाठी चित्रकाराला एकही भाषण करावे लागले नव्हते. शटर वर-खाली होते, एवढ्या एका यांत्रिक गोष्टीनेच ते झाले होते.

मुंबईत राहिलेल्या माणसाला शटरचा आवाज पाठ असतो. सकाळी वर जाताना त्याला एक चढती लय असते, स्प्रिंगच्या जोरावर शेवटचे दोन हात ते आपणहून झेप घेते आणि वर आदळते. दुपारी ऐकू आले तर ते बहुधा खाली येणारे असते, आणि मग कान टवकारतात. १९९२चा डिसेंबर आणि त्यापुढचा जानेवारी, दंगलींचे ते दोन महिने, ज्यांनी ह्या शहरात काढले, त्यांना बातमी रेडिओवर येण्याआधी शटरांवरून कळत असे. नाक्यावरचे एक पडले, मग त्याच्या शेजारचे, मग रांगेने सगळी, आणि आवाज आपल्या गल्लीकडे सरकत येई. त्यानंतरच्या दिवसांत अर्ध्या शटरचा व्यवहार सुरू झाला. गुडघ्याएवढ्या फटीतून दुधाची पिशवी बाहेर यायची आणि पैसे आत जायचे. देणाऱ्याचा चेहरा दिसत नसे, फक्त हात दिसे. पुढे बंदच्या दिवशी, आणि अलीकडे महामारीच्या महिन्यांत, हीच अर्धी शटरे पुन्हा पाहिली. ह्या शहरात शटर हे भिंतीपेक्षा बोलके आहे. त्याच्या उंचीवरून त्या दिवशी शहराची प्रकृती काय आहे ते वाचता येते.

दोडिया ह्याच शहराचे. जन्म १९५९चा, घाटकोपरचा. घर गुजराती, मुळे काठियावाडात. १९८२मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून ते बाहेर पडले आणि १९८९मध्ये केमोल्ड गॅलरीत त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. त्या काळातली त्यांची चित्रे शांत होती. मध्यमवर्गीय घराच्या खोल्या, उन्हाचा एखादा पट्टा, माणसाची बेताची हजेरी, आणि छायाचित्राशी नाते सांगणारी नेटकी रंगलेखनाची पद्धत. तेवढ्यावर त्यांची सारी कारकीर्द सुखाने निभावली असती, कारण ते तयार हाताचे चित्रकार आहेत आणि अशा चित्रांना घरांच्या भिंती मिळतात. मग १९९१-९२मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले. तोवर पुस्तकांतल्या छोट्या, बहुधा चुकीच्या रंगांत छापलेल्या चित्रांवरून ज्यांच्याशी ओळख झाली होती ते सगळे थोर चित्रकार तिथे मूळ रूपात भिंतींवर होते. परत आले तेव्हा त्यांच्यातला जुना चित्रकार हलला होता, आणि इकडे शहरही जुने राहिले नव्हते. ह्या दोन धक्क्यांपैकी कोणता मोठा हे मला ठरवता येत नाही, आणि एकट्या शहराच्या धक्क्याला सारे श्रेय देणारे समीक्षक थोडी घाई करतात असे मला वाटते. पॅरिस घडले नसते तर शटरही चित्राचा पृष्ठभाग होऊ शकते हे धाडस आले असते का, कोण जाणे.

१९९४च्या ‘बॉम्बे बकॅनियर’मध्ये त्यांनी स्वतःलाच ‘बाजीगर’च्या पोस्टरवरच्या नायकाच्या जागी उभे केले. मूळ पोस्टरमध्ये काळ्या चष्म्याच्या काचांत नायिकांची प्रतिबिंबे होती. दोडियांच्या काचांत दोन चित्रकार आहेत, डेव्हिड हॉकनी आणि भूपेन खख्खर. चित्र पाहिले की आधी हसू येते. मग लक्षात येते की डोळ्यांवर दुसऱ्यांची चित्रे लावूनच हा माणूस जगाकडे पाहणार असल्याचे त्याने जाहीर करून टाकले आहे. १९९९मध्ये गांधींवरची मोठ्या आकाराची जलरंगातली मालिका आली. गांधींना जलरंगात रंगवण्याचा निर्णय मला आजही त्या मालिकेतली सर्वांत सूक्ष्म गोष्ट वाटते, कारण जलरंगात केलेले पुसता येत नाही आणि कागदाचा पांढरेपणा आयता वापरावा लागतो. थोडक्यात भागवणाऱ्या माणसाला थोडक्यात भागवणारे माध्यम मिळाले. आणि २००१मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या ‘सेंच्युरी सिटी’ ह्या प्रदर्शनात, गीता कपूर आणि आशिष राजाध्यक्ष ह्यांनी रचलेल्या मुंबईच्या विभागात, त्यांची शटरे लागली. त्या विभागाचा काळ १९९२पासून सुरू होत होता. तो का, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही.

शटरच्या रंगाविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण माझा जीव तिथे रमतो. आपण ज्याला घरात ऑईल पेंट म्हणतो, तो डब्यातला इनॅमल रंग चित्रकाराच्या ट्यूबमधल्या तैलरंगासारखा आज्ञाधारक नसतो. तो स्वतःच पसरतो, स्वतःच सपाट होतो, ब्रशचे फटकारे गिळून टाकतो आणि वाळल्यावर अंगावर एक चकाकी आणतो. त्या चकाकीला प्रतिष्ठित कलेच्या दालनात फारसा मान नव्हता. टर्पेंटाईनचा तो डोक्यात जाणारा वास दिवाळीआधीच्या खिडक्यांचा आहे, शाळेच्या बाकांचा आहे, एसटीच्या डेपोचा आहे. चित्रकार प्रभाकर बरवे ह्यांनीही इनॅमल कॅन्व्हासवर वापरले. पण बरव्यांच्या हाती ते आपला रस्त्यावरचा जन्म विसरून इतके मौन झाले की त्यातून पान, घड्याळ, शंख ह्यांच्याभोवती एक थंड अवकाश तयार झाला. दोडियांनी त्याला विसरू दिले नाही. शटरवरचे त्यांचे इनॅमल पेंटरचेच इनॅमल राहते, त्याच ठसठशीत कडा, तोच लाल, तोच निळा. त्या आडव्या पट्ट्यांच्या उंचवट्यांवर रेषा ओढायची म्हणजे हाताला दर इंचाला अडथळा येणार. सरळ वाटणारी भुवई प्रत्यक्षात चढ-उतारांवरून गेलेली असणार. बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांना हे कसब येत असे. अक्षर कोणत्या पट्टीवर तोडायचे, डोळा दोन पट्ट्यांच्या खाचेत येऊ नये म्हणून चेहरा कुठे बसवायचा, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. फ्लेक्स आले आणि ती माणसे घराघरांच्या भिंती रंगवण्याच्या कामाला लागली. आमच्या स्टेशनरोडवरच्या लक्ष्मीच्या उजव्या कोपऱ्यात कधी काळी पेंटरचे नाव होते, हे नुसते ओरखड्यावरून कळते.

आणि सनमायका. डायनिंग टेबलाचा, ओट्याखालच्या कपाटांचा, बँकेच्या काउंटरचा, दवाखान्यातल्या बाकाचा तो गुळगुळीत पृष्ठभाग, ज्यावर चहाचा डाग टिकत नाही म्हणून आपल्या आयांनी त्याचे कौतुक केले. मरणाचे चित्र त्या पृष्ठभागावर रंगवण्यात एक क्रूर नेमकेपणा आहे. पुसले की स्वच्छ, हेच तर त्या वस्तूचे ब्रीद. त्यावर दोडिया संगमरवराची भुकटी मिसळलेला रंगही चढवतात, म्हणजे कुठे तरी त्या गुळगुळीत पृष्ठभागाला खरखरीतपणा येतो आणि तो डाग धरू लागतो. मिश्र माध्यम हा शब्द चित्रांखालच्या चिठ्ठ्यांवर आपण इतक्यांदा वाचतो की त्याने काही सांगितल्यासारखे वाटेनासे झाले आहे. अनेक चित्रकारांच्या बाबतीत तो खरोखरच नुसता सामानाचा हिशेब असतो: थोडे कापड, थोडा पत्रा, वरून रंग. दोडियांच्या चांगल्या कामांत मात्र प्रत्येक पदार्थ आपली जुनी नोकरी बरोबर घेऊन येतो. शटर बंद करण्याचे काम करत राहते, सनमायका पुसले जाण्याचे, आणि चित्रकार त्या कामांना आपल्या चित्रात हुद्दा देतो. दुकानातल्या त्या मुलाने पाय आणि हात वापरून जे केले, तेच मला इथे दिसते, फक्त इथे ते जाणूनबुजून केलेले आहे.

देवीचेही तसेच. लक्ष्मीचे जे रूप आपल्या डोळ्यांत बसलेले आहे ते पुराणांपेक्षा छापखान्याने जास्त घडवले. राजा रविवर्म्याचा छापखाना आधी मुंबईत होता, मग लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या शिळाछापांनी देवघरांतल्या भिंती व्यापल्या. तिथून ती कॅलेंडरांवर गेली, अगरबत्तीच्या पुड्यांवर गेली, ट्रकच्या कपाळावर गेली, आणि किराण्याच्या शटरवर आली. दोडियांच्या शटरवर ती आली तेव्हा तिच्यामागे एवढा प्रवास होता. त्याआधी १९९८मध्ये त्यांनी रविवर्म्याच्या ‘गंगावतरणा’वरही स्वतःचे चित्र रचले होते. हे उसने घेणे त्यांच्या कामात सर्वत्र आहे, आणि माझी त्यांच्याविषयीची तक्रार असेल तर तीही इथेच आहे. कधी कधी एकाच चित्रात इतके पाहुणे येतात, एक युरोपीय, एक बंगाली, एक सिनेमावाला, एखादा गुजराती कवी, की यजमान दिसेनासा होतो. अशा चित्रासमोर मी परीक्षेला बसल्यासारखा अवघडतो; कोण कुठून आले ते ओळखण्यातच वेळ जातो आणि पाहणे राहून जाते. त्यांचे चाहते ह्याला विद्वत्ता म्हणतील. मला ती काही ठिकाणी हौस वाटते.

पण जिथे उसनवारीला पदार्थाची जोड मिळते तिथे ती तक्रार गळून पडते. सिंगापूरच्या टायलर प्रिंट इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी २००५मध्ये शबरीवर काम केले, बंगाली चित्रकार नंदलाल बोस ह्यांनी रंगवलेल्या शबरीला स्मरून. माध्यम होते ओला कागदी लगदा. लगद्यातले चित्र हे कागदावर काढलेले नसते. कागद बनत असतानाच ते त्याच्या अंगात मुरते. वाट पाहण्यात जिचे तारुण्य आणि म्हातारपण एकच होऊन गेले, तिच्यासाठी हे माध्यम निवडले गेले तेव्हा नंदलालबाबूंची आठवण ओळखता आली काय अन् न आली काय, फारसा फरक पडत नाही. उलट ‘बको’च्या मालिकेत, २०११मध्ये, लाभशंकर ठाकर ह्या गुजराती कवीच्या मजकुरावरून त्यांनी मोठाले काळे फळे रंगवले. बको नावाचा मुलगा, त्याला झोपेत भेटणारे बापू, आणि खडूने लिहिल्यासारखी पांढरी अक्षरे. ती अक्षरे खडूची नाहीत, रंगवलेली आहेत, तरी ती पाहताना हात नकळत डस्टर शोधतो. फळ्यावरचे गांधी तास संपला की पुसले जातात, हे आपण सगळेच शाळेत शिकलो आहोत.

‘ब्रोकन ब्रँचेस’विषयी मात्र माझे मन अजून स्थिर नाही. काचेची दारे असलेली नऊ लाकडी कपाटे, २००२-०३ची. पोरबंदरच्या गांधी-स्मारकातल्या कपाटांवरून ती सुचली. आत हाताने रंगवलेली चौकटीतली छायाचित्रे, हत्यारे-अवजारे, सापडलेल्या वस्तू, आणि वापरलेले कृत्रिम अवयव. गुजरातमधला २००२चा हिंसाचार नुकताच घडून गेला होता, आणि गांधींच्या जन्मगावच्या स्मारकाची धूळ बसलेली, आदबशीर मांडणी उचलून त्यात लाकडी पाय आणि हात ठेवले गेले. गांधी-स्मारकांमध्ये एक विशिष्ट उदासी असते, ती गावदेवीच्या मणिभवनात गेलेल्यांना ठाऊक आहे: बाहुल्यांतून उभे केलेले प्रसंग, पिवळट बल्ब, शाळेची रांग, बाईंचा ‘पुढे चला’ असा दबका स्वर. तिथे सगळे जपलेले असते आणि काहीच चालू नसते. दोडियांच्या कपाटांनी ती उदासी नेमकी पकडली आहे. तरीही त्या अवयवांपुढे मी अडखळतो. ते कोणा तरी माणसाने वापरलेले आहेत, कोणाच्या तरी मांडीचा घाम त्यांच्या पट्ट्यांत मुरलेला आहे. शटरची नोकरी बदलणे वेगळे आणि ह्यांची बदलणे वेगळे, असे मला वाटते. आणि असे वाटायला लावणे हाच त्यांचा हेतू असेल, तर तो सफल झाला हेही मला मान्य करावे लागते. २०१९मध्ये, गांधींच्या दीडशेव्या जयंतीच्या वर्षी, व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, भारताच्या दालनात हीच कपाटे मांडली गेली. परदेशातल्या त्या उत्सवी गर्दीत ती कशी दिसली असतील ह्याची कल्पना मला नीट करता येत नाही. कपाट पाहायला एकटेपणा लागतो.

तो एकटेपणा मला भायखळ्याला मिळाला. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात २०१४च्या शेवटी ‘७००० म्युझियम्स’ हा त्यांचा प्रकल्प लागला होता. नावामागे योसेफ बॉईस ह्या जर्मन कलावंताचे कासेल शहरातले सात हजार ओक वृक्ष आहेत, ज्यांतल्या प्रत्येकाशेजारी बसाल्टचा एक दगड रोवलेला आहे. बॉईसने झाडे मागितली, दोडियांनी आपल्या प्रजासत्ताकासाठी संग्रहालये मागितली, आणि गावोगावच्या कल्पित संग्रहालयांच्या इमारती रंगवल्या. १८७२मध्ये लोकांसाठी उघडलेल्या त्या वास्तूत, जातीजमातींच्या मातीच्या बाहुल्या आणि सागवानी कपाटे ह्यांच्यामधून फिरताना, कोणते कपाट संग्रहालयाचे आणि कोणते दोडियांचे हा फरक काही क्षण पुसट होत होता. दुपारची वेळ होती, राणीच्या बागेतून मुलांचा कालवा येत होता. एक रखवालदार माझ्यामागे थोडे अंतर ठेवून चालत होता, आणि मी एका कपाटाच्या काचेला फार जवळून नाक लावले तेव्हा त्याने खाकरून दाखवले. आपल्याकडे तालुक्याच्या गावी संग्रहालय म्हणजे बहुधा कुलूपबंद खोली असते आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो. त्या पार्श्वभूमीवर सात हजारांचा आकडा विनोदी आहे, हे दोडियांना ठाऊक असणारच. पण जलरंगातल्या त्या इमारती विनोद म्हणून रंगवलेल्या नव्हत्या. त्यांना दारे होती, पायऱ्या होत्या, कोणी तरी आत जावे अशी सोय होती.

ह्याच माणसाच्या घरात दुसरी तितकीच समर्थ चित्रकार आहे, हेही इथे नोंदवावेसे वाटते. त्यांच्या पत्नी अंजू दोडिया ह्यांनी गादीलाच चित्राचा पृष्ठभाग केला आहे. बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात, गायकवाडांच्या दरबार हॉलमध्ये, त्यांनी २००७मध्ये आपली कामे मांडली होती. एकाने दुकान आणि रस्ता घेतला, दुसरीने अंथरूण घेतले. दोघांच्या जेवणाच्या टेबलावर काय बोलणी होत असतील ह्याची मला उत्सुकता आहे, पण ती माझी चौकस वृत्ती म्हणून सोडून देऊ.

इतक्या वस्तू हाताळून झाल्यावर माणूस पुढे काय करतो? मला वाटले होते की वस्तू वाढत जातील, खोल्या भरतील, एक दिवस आख्खे दुकान उचलून दालनात येईल. कोचीच्या पहिल्या बिएनालेत, २०१२मध्ये, जुन्या प्रयोगशाळेच्या खोल्यांत त्यांनी छायाचित्रांची जी दाट मांडणी केली होती ती त्याच दिशेने चालली होती. झाले वेगळेच. अलीकडच्या वर्षांत ते पुन्हा सरळ कॅन्व्हास आणि तैलरंग ह्यांच्याकडे आले, आणि त्यांनी जुन्या हिंदी चित्रपटांतली दृश्ये रंगवली. त्या मालिकेचे नाव ‘डॉ. बॅनर्जी इन डॉ. कुलकर्णीज नर्सिंग होम’. ‘आनंद’ पाहिलेल्या कोणाही मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे लगेच डॉ. कुलकर्णींच्या भूमिकेतले रमेश देव उभे राहतात, म्हणजे ह्या वेळी तरी पाहुणा ओळखण्यासाठी परीक्षा द्यावी लागत नाही. शटर नाही, कपाट नाही, गुंडाळले जाणारे काही नाही. सारखे हलणारे, एका सेकंदात चोवीस चौकटी सरकणारे ते माध्यम आता इथे जागच्या जागी थांबवलेले आहे, आणि चित्रपटात ज्या क्षणी काहीच घडत नसते असे क्षण निवडून थांबवलेले आहे. मला सुरुवातीला ही माघार वाटली. नंतर असे वाटू लागले की पदार्थाची जुनी नोकरी ओळखण्याची जी सवय शटरने लावली, तीच इथे तैलरंगाला लागू झाली आहे. तैलरंग हळू वाळतो. घाईघाईत निघून जाणाऱ्या चौकटीसमोर त्याला बसवले की ती चौकट त्याच्या गतीने चालू लागते.

ती चित्रे पाहताना माझ्या पुढे एक वयस्क जोडपे होते. प्रत्येक चित्राशी दोघांची पैज लागत होती. कोणता सिनेमा, कोण नट, गाण्याच्या आधीचा प्रसंग की नंतरचा. गृहस्थ नावे भराभर घेत होते आणि बाई बहुतेक खोडून काढत होत्या. एका चित्रापाशी मात्र सिनेमा कोणता ह्यावर दोघांचे एकमत झाले. गृहस्थ विजयी मुद्रेने पुढे निघाले. बाई तिथेच राहिल्या. “अहो, पण हे सिनेमात इतका वेळ कुठे दाखवलं होतं?” त्या म्हणाल्या. गृहस्थ म्हणाले, “दाखवलं होतं की, मला आठवतंय ना.” मग दोघांची त्यावर वेगळीच जुंपली, आणि मला पुढच्या चित्राकडे जाण्यासाठी त्यांना वळसा घालून जावे लागले.